एक्स्पोत कोणतं दालन कधी बघावं

वर्ल्ड एक्स्पोत, म्हणजे देशोदेशींची दालनं असलेल्या जागतिक प्रदर्शनात, शिरल्यावर बहुतेक लोक फाटकाजवळचं पहिलं मोठं दालन धरतात आणि तिथेच दीड तास घालवतात. दालनांचा क्रम अंतरावरून लावू नये. ते दालन कोणी बांधलंय आणि आत माणसं कशी सोडतात, यावरून लावावा.

13 एप्रिल ते 13 ऑक्टोबर 2025 या काळात ओसाकाजवळच्या युमेशिमा बेटावर भरलेला एक्स्पो हे समजून घ्यायला चांगला. तिथे अमेरिका, इटली, फ्रान्स, सौदी अरेबिया अशा देशांनी स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र इमारती उभारल्या होत्या. काहींनी आयोजकांनी बांधून दिलेली इमारत घेऊन आतली सजावट तेवढी आपली केली. उरलेले अनेक देश ‘कॉमन्स’ नावाच्या सामाईक हॉलमध्ये एकेक गाळा घेऊन बसले होते. रांग लागायची ती मुख्यतः पहिल्या प्रकाराला. इटलीच्या दालनात फार्नेसे अ‍ॅटलास हा प्राचीन रोमन संगमरवरी पुतळा, तोही मूळ, आणि इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं अस्सल चित्र, अमेरिकेच्या दालनात चंद्रावरचा दगड. (1970 च्या ओसाका एक्स्पोतही अमेरिकेच्या दालनापुढे चंद्राच्या दगडासाठीच झुंबड उडाली होती.) कॉमन्समध्ये मात्र सरळ आत जायचं. एका छपराखाली अनेक देश, वातानुकूलित, आणि गाळ्यावर बसलेल्या माणसाला बोलायला वेळ असतो. माझ्या मते एक्स्पोची खरी मजा तिथेच आहे. मोठ्या दालनांत भिंतभर पडद्यावर फिल्म दाखवतात आणि बाहेर काढतात, त्यातल्या निम्म्या फिल्म सारख्याच वाटतात.

रांगेची लांबी बघून अंदाज बांधू नका, फसाल. काही दालनांत माणसं सतत वाहती असतात. तिथली लांबलचक रांगही भराभर सरकते. काही ठिकाणी शो असतो आणि गट सोडतात. समजा दर दहा मिनिटांना 80 जण सोडतात आणि तुमच्यापुढे 400 आहेत, तर 50 मिनिटं धरा. म्हणून रांगेत शिरण्याआधी टोकाला उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: एका वेळी किती जण आणि किती मिनिटांनी? रांगेची जागा भरली की ती चक्क बंद करतात. अशा वेळी आसपास घुटमळण्यात अर्थ नाही, पुढचं दालन गाठा.

आरक्षणाचं प्रकरण म्हाडाच्या सोडतीसारखं. ओसाकाला दोन महिने आधीची एक सोडत, सात दिवस आधीची दुसरी, आणि तीन दिवस आधीपासून उरलेल्या जागा ‘जो पहिला येईल त्याला’. शिवाय आत शिरल्यावर दहा मिनिटांनी त्याच दिवसाची नोंदणी उघडायची, पण एका वेळी एकच. ती वापरली की पुढची. इथे घोटाळा व्हायचा तो असा: संध्याकाळी सातची वेळ मिळाली म्हणून लोक खुशीत घ्यायचे आणि तोपर्यंत दुसरी घेता यायची नाही. सकाळी शक्यतो तासाभराच्या आतली वेळ घ्यावी. तिकिटाचा क्यूआर कोड कागदावर छापून न्या. फाटकावर हजारो फोन एकदम जागे झाले की नेटवर्क मान टाकतं.

दिवसाची आखणी मग अशी बसते. फाटक उघडताच आरक्षण नसलेलं एकच मोठं दालन. अकरा ते चार, म्हणजे उन्हाच्या वेळेत, कॉमन्स. ओसाकाला सुमारे दोन किलोमीटर परिघाच्या ‘ग्रँड रिंग’ या लाकडी वर्तुळाकार छपराखाली सावली होती, पाऊस आला तरी तिथेच. सहानंतर कुटुंबं परतू लागतात, तेव्हा उरलेली मोठी दालनं.

शाकाहारी मंडळींनी जपानी नूडल्स घेताना रस्सा कशाचा ते विचारावं, बहुधा त्यात माशाचा अर्क असतो. आणि पैसे रोख चालत नव्हते, कार्ड दोन ठेवा.

एक्स्पोच्या हौशी ‘पासपोर्ट’ वहीत (खऱ्या पासपोर्टवर नव्हे) दालनांचे शिक्के जमवणाऱ्यांसाठी: शिक्का तिरका न टेकवता सपाट ठेवून चारही कोपरे दाबा, आणि पान मिटण्याआधी मध्ये टिश्यू घाला. ओली शाई समोरच्या पानावर उमटली की दोन्ही देश बिघडतात. एकाच हॉलमध्ये भराभर शिक्के मारताना हे हमखास होतं.

परतीचं आधीच ठरवा. बेटावर मेट्रोचं स्टेशन एकच, चुओ मार्गाचं, पूर्व फाटकाशी. रात्रीचा ड्रोन शो संपला की सगळी गर्दी तिकडेच वळायची. 13 ऑगस्टला रात्री या मार्गाची वीज गेली आणि हजारो लोक बेटावर अडकले. पश्चिम फाटकावरून शटल बस सुटायच्या, पण त्यांचं आरक्षण सकाळीच करून ठेवलेलं बरं.

पुढचा मोठा एक्स्पो रियाधला, 1 ऑक्टोबर 2030 ते 31 मार्च 2031. त्याआधी 15 मे ते 15 ऑगस्ट 2027 मध्ये बेलग्रेडला विशेष एक्स्पो आहे. विशेष एक्स्पोची जागा नियमानुसार 25 हेक्टरपर्यंतच असते आणि दालनं आयोजकच बांधून देतात, त्यामुळे तिथे चालणं कमी. दोन दिवस काढले तर पुरावेत.