‘कॅप मीच बसवली, मॅडम’

दातावरची निघालेली कॅप कागदाच्या पुडीत बांधून आणणारे पेशंट आमच्याकडे नेहमीच येतात. आत कीड नसेल आणि दात शाबूत असेल, तर साफसफाई करून, नवं सिमेंट लावून बरेचदा तीच कॅप परत बसते. गेल्या श्रावणात आलेल्या काकांची कॅप मात्र तोंडातच होती.

काका सुतार. पोळा तोंडावर आलेला. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, त्यामुळे त्या दिवसांत नागपुरातल्या बैल घडवणाऱ्यांना मान वर करायला वेळ नसतो. बोटांना रंग तसाच होता.

“खालची कॅपवाली दाढ दुखून राहिली, मॅडम. चावलं का ठणकते.”

“कॅप कधी बसवली होती?”

“दहा-बारा वर्षं झाली असतील. मधात निघाली, तर मीच बसवली. फेविक्विकनं.”

त्यांनी ते काम मन लावून केलं होतं. कॅपच्या आतलं जुनं सिमेंट पॉलिश पेपरनं घासून काढलं, दाढ कापसानं कोरडी केली, गोंद लावला आणि दात दाबून धरले. लाकडाला हे चाललं असतं. तोंडात तो गोंद ओलाव्यामुळे क्षणात धरतो, कॅप पूर्ण खाली बसायच्या आतच. शिवाय धरताना तापतो, हिरडीला झोंबतो, आणि पुढे लाळेत हळूहळू सुटत जातो. मी निळा कार्बन पेपर ठेवून चावायला सांगितलं. त्या एका कॅपवर गडद ठिपका उमटला, शेजारच्या दातांवर काहीच नाही. म्हणजे प्रत्येक घासाला सगळा भार त्या एकट्या दाढेवर येत होता. दाढेचं रूट कॅनल झालेलं असलं, तरी मुळाभोवतीचं आवरण जिवंत असतं. ठणका तिथला होता.

कॅप ओढून निघेना. गालाच्या बाजूनं वरपर्यंत एक खाच पाडायची ठरवली. वरचं पांढरं सिरॅमिक डायमंड बरनं, म्हणजे ड्रिलच्या हिरेकणी टोकानं गेलं, खालच्या धातूला कार्बाइड बर घ्यावा लागला. खाचेत हत्यार अडकवून हलकेच पिरगाळलं, तशी कॅप उकलली आणि वास आला. कुजलेल्या सिमेंटचा आणि किडलेल्या दाताचा तो वास ज्यानं एकदा घेतला, तो विसरत नाही. माझ्या असिस्टंटनं न सांगता सक्शन जवळ आणलं. आतला दात तपकिरी, ओलसर. एक्स्कॅव्हेटर, म्हणजे कीड खरवडायचं हत्यार, लावला तर त्याचे पापुद्रे निघत होते.

मी काकांना आरसा दिला. ते बराच वेळ बघत राहिले. “पण आतून तर हे कधी दुखलंच नाही!”

दुखणार कसं? रूट कॅनलमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते. कॅपला कीड लागत नाही, पण हिरडीजवळ कॅप संपते आणि दात सुरू होतो, त्या कडेला लागते. साध्या दातानं थंड पाण्यालाही तक्रार केली असती. हा गप्प राहतो. “कॅप बसवली, आता तिकडे बघायला नको” हे वाक्य मी रोज ऐकते आणि दर वेळी मला काळजी वाटते. ज्याच्यावर सगळ्यात जास्त लक्ष हवं, त्याच दाताला आपण विसरून जातो.

कीड काढल्यावर उरलेला दात मोजला. गालाच्या बाजूला हिरडीच्या वर दोन मिलिमीटर निरोगी भाग होता, जिभेच्या बाजूला जवळपास काहीच नाही. नवी कॅप टिकायची तर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर भक्कम दात तिच्या कवेत यावा लागतो. हे कसं समजवावं याचा विचार करत होते, तोच काका म्हणाले, “पटाशीच्या मुठीवर लोखंडी कडी असते न, तसंच झालं हे. मूठच सडली, तर कडी कशावर बसवाल?”

अगदी तेच. ती कडी मूठ फाटू देत नाही, आणि कॅपही दाताला तसंच धरून ठेवते.

दाढ काढणं सोपं होतं. पण एक्स-रेमध्ये मुळं लांब आणि घट्ट होती, टोकाशी पू-बिऊ काही नव्हता. ही दाढ माणसाला सहाव्या वर्षाच्या आसपास येते; पन्नासेक वर्षं चावलेला दात सहजासहजी काढायला माझा हात धजत नाही. मी दोन्ही मार्ग सांगितले. काकांनी वाचवायचा मार्ग निवडला, “पण पोळ्याच्या आधी नाही बाप्पा!” मी आत औषधी सिमेंट भरून त्यांना जाऊ दिलं. जाताना कापलेली कॅप मागून घेतली, आणि आतला धातूचा पातळ पत्रा बोटावर फिरवत म्हणाले, “हे करणाऱ्याचा हात चांगला आहे.” ते लॅबमधल्या कारागिराबद्दल होतं. पेशंटला तो कधीच दिसत नाही, म्हणून मला फार बरं वाटलं.

पोळा झाल्यावर मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात त्यांनी, कॅपच्या कवेत यायला पुरेसा दात उघडा व्हावा म्हणून, जिभेच्या बाजूची हिरडी आणि थोडं हाड खाली घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दीड-दोन महिने हिरडी भरू दिली. मग मुळात फायबर पोस्ट, म्हणजे आधाराची खुंटी, त्यावर बिल्डअप, म्हणजे गेलेल्या दाताची भर, माप, टेम्पररी कॅप आणि शेवटी झिरकोनिया या टणक सिरॅमिकची पक्की कॅप. बसवताना सगळ्यात जास्त वेळ मी कडेला दिला. दातांच्या फटीत राहिलेलं सिमेंट फ्लॉसनं काढलं, कारण तो कणभर तुकडाही हिरडी सुजवत राहतो.

घरी काय करायचं ते त्यांच्या हातात ब्रश देऊनच दाखवलं. ब्रश कॅपच्या माथ्यावर नाही, हिरडीच्या रेषेवर तिरपा. फटीत रोज रात्री इंटरडेंटल ब्रश. त्या बाजूनं सुपारी फोडायची नाही, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तर तोंडातच नको. त्यानं कॅपच्या आधी तोंडाचं वाटोळं होतं. सहा महिन्यांनी तपासणी, दुखो न दुखो. आणि कॅप हलली, तर गोंदाची बाटली न उघडता ती डबीत घालून सरळ इकडे आणायची.

परवा ते तपासणीला आले. कॅपच्या कडेवरून प्रोब, म्हणजे तपासायची बारीक सळई, फिरवला, कुठे अडकला नाही, हिरडीतून रक्त नाही. सोबत काकू होत्या. त्यांच्याही दाढेला जुनी कॅप आहे, रूट कॅनल केलेली, कधीच न दुखलेली. काकांनीच त्यांना खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, “हिचा फोटो काढून पाहा, मॅडम.”