तळघर, मुरूम आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप

आमचे घर पुण्यात, सहकारनगरात, तळजाई टेकडीच्या उतारावर आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने खालच्या वस्त्यांत हाहाकार उडवला, तेव्हा आपण उंचावर असल्याचे समाधान मला वाटत होते. सकाळी दार उघडले तर तळघरात घोटाभर पाणी होते. ते ओढ्याचे नव्हते. टेकडीवर पडलेला पाऊस मुरमातून खाली झिरपतो, काळ्या पाषाणाशी अडतो आणि त्याच्या पाठीवरून उताराकडे सरकत राहतो. तो पाषाण फोडून बांधलेले आमचे तळघर म्हणजे त्याच्या वाटेतला हौदच होता.

पुढची दोन वर्षे एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून भिंतींना आतून लेप देण्यात गेली. पाण्याचा दाब बाहेरून असताना आतला लेप सुटणारच, हे पापुद्रे गळू लागल्यावर उमगले.

२०२२ च्या उन्हाळ्यात भिंतींच्या कडेने फूटभर रुंद चर खणून त्यात जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) कापड, खडी आणि ११० मिलिमीटरचा छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप घातला आणि शंभरास एक असा उतार देऊन तो कोपऱ्यातल्या खड्ड्यात सोडला. छिद्रे खालच्या अंगाला ठेवली तरच पाणी फरशीपर्यंत चढण्याआधी पाइपात शिरते, हे प्लंबरला पटवण्यात अर्धा दिवस गेला.

पंप घेण्याची घाई मात्र केली नाही. भर पावसात ६० सेंटिमीटर व्यासाच्या त्या खड्ड्यात पाच मिनिटांत पाणी १० सेंटिमीटर चढले, म्हणजे मिनिटाला साधारण साडेपाच लिटर. त्यामुळे दुकानदाराने सुचवलेल्या एक अश्वशक्तीऐवजी अर्ध्या अश्वशक्तीचा, फ्लोट स्विचचा (पाण्याबरोबर वर चढणारा तरंगता फ्लोट ज्याला आपोआप सुरू करतो असा) सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप भरपूर झाला. वर जाणाऱ्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, कारण तो नसेल तर पंप थांबताच पाइपातले पाणी खड्ड्यात उतरते आणि पंप उगाच पुन्हा सुरू होतो. पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये न सोडता पावसाळी गटारात नेले.

अडचण आली ती विजेची. पाण्याचा जोर असतो तेव्हाच वीज जाते, आणि मोटर सुरू होताना एरवीच्या कित्येक पट करंट ओढत असल्याने दिवे-पंख्यांचा इन्व्हर्टर दर वेळी बंद पडे. मोठा इन्व्हर्टर पंपापेक्षा महाग पडला, हे पत्नीने हिशेबाच्या वहीत अधोरेखित करून ठेवले आहे.

गेल्या वर्षी फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला अडकला आणि पाणी पुन्हा फरशीवर आले. आता त्याच्या वर दुसरा फ्लोट आहे; तो फक्त घंटा वाजवतो. मृगापूर्वी मी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून पंप सुरू होतो का ते पाहतो आणि वरचा फ्लोट हाताने उचलून घंटा ऐकतो.