नवे पाटे टाकले आणि पद्मिनी मागून उचलली

अण्णांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, १९८३ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, मागे पाटे, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग. गेली चार-पाच वर्षं मागून इतकी बसली होती की आई आणि मावशी मागे बसल्या की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून धप्प आवाज यायचा. पाटे पुन्हा पुन्हा ठोकून, कमान देऊन थकले होते, डाव्या बाजूचा एक तर तुटलेला निघाला. म्हणून या वर्षी मनावर घेतलं आणि मागचं सगळं नवीन केलं. दोन्ही बाजूंचे पाटे बनवून घेतले, रबरी बुश, शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी), यू बोल्ट (पाटा अॅक्सलला बांधणारे), दोन्ही शॉकअप.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा लांबूनच पोटात गोळा आला. मागची बाजू वर, नाक खाली, जणू उतारावर उभी आहे. गॅरेजवाला म्हणाला नवीन आहेत, बसतील हळूहळू, चालवा. मी चालवत घरी आणली आणि रात्री हेडलाईट लावले तर उजेड बोनेटच्या पुढ्यातच पडतोय, पुढे अंधार. मग घरी बसून हिशोब केला. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३४० मिमी, मागची बाजू जुन्या बसक्या उंचीपेक्षा सरासरी ६५ मिमी वर गेलेली, आणि लाईट त्या बसक्या गाडीवर सेट केलेले. म्हणजे दर मीटरला साधारण २८ मिमी झोत खाली, २५ मीटरवर जवळपास ७० सेंटीमीटर. एवढा फरक असल्यावर रस्ता दिसणार कुठून. आईला घेऊन रात्रीचं कुठे जायचं तर हे असं चालणार नव्हतं.

जुन्या गाड्यावाल्या माझ्या ओळखीच्या लोकांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळा उपाय सांगितला. एक म्हणे एक पाटा काढून टाक, एक म्हणे गॅसने गरम करून बसव, एक म्हणे शॉकअप चुकीचे आलेत, ते बदल. यातलं शॉकअपचं आधी सांगतो कारण हा गैरसमज फार आहे. साध्या तेलाच्या शॉकअपने गाडीची उंची ठरत नाही. उंची ठरते पाट्याच्या कमानीवर आणि त्याच्या कडकपणावर, शॉकअप फक्त हेलकावे थांबवतो. उलट गाडी जास्त वर असेल तर शॉकअप पूर्ण ताणलेला राहतो आणि खड्ड्यात चाक खाली गेलं की ठक्क करून शेवटाला आपटतो, म्हणजे नवीन शॉकअपच वाया.

गॅसचं तर मनातही आणू नका. पाट्याच्या पोलादाला जे पाणी दिलेलं असतं ते गॅसच्या ज्योतीने उतरतं. पाटा बसतो खरा पण नंतर बसतच जातो, नाहीतर त्याच जागी तुटतो.

मी आधी मापं घेतली. इथे एक गोष्ट मला खूप महत्त्वाची वाटते, माप जमिनीपासून घ्यायचं नाही. टायरमधली हवा, टायरचा साईझ, अंगणाचा उतार, सगळं त्यात मिसळतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची. गाडी सपाट जागेवर, टाकी तीच, डिकी रिकामी, आणि जॅकवरून उतरवली असेल तर आधी दहा-बारा फूट पुढे-मागे ढकलून, डिकीवर दोन्ही हात ठेवून चार-पाच वेळा दाबून सोडायची. नाहीतर टायर अडकून गाडी खोटीच वर राहते आणि आपण खोट्या आकड्यामागे पळतो. जुन्या पाट्यांवरची मापं मी काम द्यायच्या आधी वहीत लिहून ठेवली होती, तेवढं बरं झालं. त्याच्या तुलनेत आता डावीकडे ७१ मिमी वर, उजवीकडे ५९.

पण जुनी उंची म्हणजे तर बसलेली उंची, मग खरी कुठली? यासाठी मी अण्णांचा एक फोटो काढला. १९८६ चा दसरा, बोनेटवर झेंडूचा हार, गाडीत कोणी नाही, आणि नशिबाने फोटो बरोबर बाजूने घेतलेला. स्कॅन करून मोठा केला. रिमची बाहेरची कड गाडीवर टेपने मोजली, तीच फोटोत मोजली, म्हणजे फोटोतला एक मिलीमीटर खरे किती ते कळलं, आणि त्याच मापाने चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर काढलं. पाच मिमी इकडे-तिकडे होईल, त्याहून जास्त नाही. उत्तर आलं की गाडी बसक्या उंचीपेक्षा २५ मिमी वर हवी. म्हणजे आत्ता डावीकडे ४६ आणि उजवीकडे ३४ मिमी जास्त होती. फोटोत दाराखालची पट्टी अगदी जमिनीला समांतर दिसते, अण्णा गाडी धुऊन झाली की लांब जाऊन तीच रेघ बघत उभे राहायचे ते आठवलं.

मग हायवेला ट्रकचे कमानपाटे करणारे एक मामा आहेत त्यांच्याकडे गेलो. सत्तरीचे असतील. त्यांनी मोजलं वगैरे काही नाही. गाडी गॅरेजच्या कामाच्या खड्ड्यावर घ्यायला लावली, खाली उतरले, बॅटरी मारली आणि शॅकलच्या नटाला बोट लावून म्हणाले, "पाटं चांगलं हायत की दादा, बोल्ट हवेत आवळल्यात."

हे नीट समजून घ्या कारण बहुतेक वेळा गोची इथेच असते. पाट्याच्या दोन्ही टोकांना जो डोळा असतो त्यात रबरी बुश बसतो. बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी बॉडीकडच्या कानाला घट्ट पकडली जाते, बाहेरचा भाग पाट्याच्या डोळ्यात घट्ट, आणि पाटा हलतो तेव्हा मधलं रबर पिळतं. आता गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना तो बोल्ट पूर्ण आवळला तर रबराच्या लेखी ती लोंबती अवस्था हीच आरामाची अवस्था. गाडी खाली ठेवली की रबर पिळलं जातं आणि सतत बॉडीला वर ढकलत राहतं. उंची वाढते, बसणूक कडक होते आणि रबर रात्रंदिवस पिळलेलं राहून लवकर फाटतं. म्हणून जॅकवर असताना बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, हलवायची, आणि मगच शेवटचा आवळा.

आमच्याकडे तेच केलं. गाडी खड्ड्यावर, वजन चारही चाकांवर. पुढचे-मागचे सगळे नट सैल केले, काढले नाहीत, फक्त सैल. उजवीकडचा मागचा नट सुटताना कर्र करून असा आवाज आला आणि डोळ्यासमोर शॅकल बोटभर मागे सरकला. त्या क्षणी मी खड्ड्यात मामांच्या बाजूला होतो, तो आवाज अजून कानात आहे. मग वर येऊन डिकी दाबली, गाडी मागे-पुढे ढकलली, पुन्हा दाबली, आणि मामांनी खालून आवळलं. माप घेतलं तर डावीकडे २१ मिमी खाली, उजवीकडे २०. एक पैशाचा पार्ट न बदलता. आणि शॅकल, जो आधी पुढे झुकला होता, तो आता थोडा मागे झुकला, तसाच तो हवा, कारण वजनाने पाटा सपाट होतो तसा लांब होतो आणि त्याला मागे जायला जागा लागते.

(खाली काम करताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. खड्डा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवा. पुढची चाकं अडवा. हे मी प्रत्येकाला सांगतो.)

जास्तीचे उरले डावीकडे २५, उजवीकडे १४. मामा म्हणाले आता चालवा, पाट्यांच्या मधे रंग आहे तो घासून जाऊ दे. नवीन पाटे एकमेकांवर नीट सरकत नाहीत, त्या घर्षणानेही गाडी वर राहते. आम्ही गावाहून गव्हाची दोन पोती डिकीत टाकून आणली, घाटातून गेलो-आलो, ६०० किलोमीटर झाले. डावीकडे आणखी ११ बसली, उजवीकडे १०. उजवी बाजू ठरवलेल्या उंचीपेक्षा फक्त ४ मिमी वर, तिला हात लावायचाच नाही. डावी अजून १४ वर.

इथे घाईने डावा पाटा उतरवणार होतो पण आधी एक तपासणी केली. कधीकधी मागचा तिरकेपणा पुढच्या स्प्रिंगमुळे असतो, गाडी टेबलासारखी कोपऱ्यातून कोपऱ्यात डुगडुगते. म्हणून पुढे बरोबर मधोमध, क्रॉसमेंबरखाली (गाडीखालच्या आडव्या लोखंडी दांड्याखाली) जॅक लावून पुढची चाकं जेमतेम उचलली. आता पुढचं डावं-उजवं मागे पोचत नाही. तरी मागे १० मिमीचा फरक तसाच, म्हणजे दोष डाव्या पाट्यातच.

सेट उतरवला आणि मामांनी मेन पाट्याच्या (ज्याला डोळे असतात त्या सगळ्यात लांब पाट्याच्या) एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणली, मधे उंची मोजली, मग उजवा उतरवून तोही तसाच मोजला. डाव्याची कमान जास्त निघाली. मग सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट खोलून पाटे सुटे केले, खडूने दर दोन बोटांवर खूण, कमान वर करून ठोकळ्यावर ठेवला आणि थंडच, एका खुणेवर एक घाव. जास्त नाही. प्रत्येक फेरीनंतर खालच्या पाट्यावर ठेवून फट बघायची, दोन्हींची मिठी बसली पाहिजे. तासभर हे चाललं होतं आणि मी नुसता बघत होतो. मधे ग्रॅफाईट ग्रीस लावून सेट पुन्हा बांधला, सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या भोकात बरोबर बसलंय हे हात घालून बघितलं, कारण ते नीट बसलं नाही तर अॅक्सल तिरका होतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

एक पाटा काढून टाका म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच आहे की पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. समजा जुना पाटा ६ मिमीचा आणि बनवणाऱ्याने ७ मिमीची पट्टी वापरली, तर तो एक पाटा जवळपास ५९ टक्के जास्त कडक. म्हणून आधी व्हर्नियरने जाडी मोजा. जाडी चुकली असेल तर पाटा बदलून घ्या, जाडी बरोबर असेल तर काढायचं कारणच नाही, कारण काढल्यावर उरलेल्यांवर भार येतो आणि पहिला जीव मेन पाट्याचा जातो. अॅक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळा टाकण्याचाही सल्ला मिळाला होता. पाटा अॅक्सलच्या खाली असेल तर ठोकळ्याने गाडी खाली येते, वर असेल तर उलट अजून उचलते, त्यामुळे कोणाचं ऐकून टाकण्याआधी स्वतः खाली वाकून बघा. मी त्या वाटेला गेलो नाही.

पद्मिनीचे पाटे आता दुकानात सहज मिळत नाहीत. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांच्यामुळे जे पार्ट चालत होते ते आटत चाललेत असं मला तरी जाणवतं. मामांसारखी माणसं दोरी आणि खडूने हे काम करतायत म्हणून आमच्यासारख्यांच्या गाड्या उभ्या आहेत. त्यांना मी मजुरी विचारली तर त्यांनी सांगितलेला आकडा मला फार कमी वाटला, मी जास्त दिले, त्यांनी जास्तीचे परत केले.

आता डावीकडे ५, उजवीकडे ४ मिमी जास्त. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेही बसेल. यू बोल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेतले, डावीकडचे दोन्ही पाव फेरी फिरले. हेडलाईट सगळ्यात शेवटी सेट केले, भिंतीसमोर, आईला मागे बसवून, कारण ती बसतेच नेहमी. ती बसल्यावर मागची बाजू १८ मिमी खाली येते. स्पीडब्रेकरचा धप्प आवाज गेलाय.