ग्रहणाचा काय संबंध?

बाळाचं डोकं लहान राहण्याचा ग्रहणाशी काही संबंध असतो का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जनुकीय समुपदेशनाला आलेली आई, सासूबाई जरा बाहेर गेल्या की, हळूच विचारते, "मॅडम, ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. म्हणून बाळाचं डोकं लहान राहिलं का हो?"

नाही. ग्रहणाचा, विळीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

डोकं लहान राहण्याची कारणं अनेक आहेत. गरोदरपणातला संसर्ग हेही एक. पण बाळ एरवी धडधाकट, डोक्याचा घेर मोजणारी टेप मात्र जन्मापासूनच फार कमी दाखवते आणि आधीचं भावंडही तसंच, असं असलं की मला पहिल्यांदा एएसपीएम आठवतं. पहिल्या गुणसूत्रावरचं हे जनुक. त्याचा या आजाराशी संबंध 2002 साली समोर आला. आनुवंशिक कारणाने जन्मतःच डोकं लहान असलेल्या मुलांमध्ये बिघाड सर्वाधिक वेळा याच जनुकात सापडतो.

पेशी विभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे खेचणारे तुर्कतंतू आपण शाळेत काढले आहेत. त्यांच्या दोन टोकांशी एएसपीएमचं प्रथिन असतं. गर्भाच्या मेंदूतल्या मूलपेशी आधी स्वतःसारख्याच पेशी करून साठा वाढवतात, चेतापेशींचं काम नंतर जोर धरतं. प्रथिन सदोष असलं की हा साठाच पुरेसा होत नाही. पेरणीचं बियाणं आधीच दळून खाल्ल्यासारखं होतं. मेंदूची ठेवण बरीचशी नेहमीसारखी, आकार मात्र लहान. अशी मुलं बहुधा चालतात, खेळतात. बोलणं आणि शिकणं मागे पडतं.

"आमच्या घराण्यात असं कुणीच नाही," हे वाक्य बहुधा सुनेकडे बघूनच म्हटलं जातं. मला त्याचा फार त्रास होतो. या आजारात जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात: एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणसाला काहीच होत नाही, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या कळतही नाही. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते; पण नात्याबाहेरही हे घडतं.

दोघांकडेही अशी एकेक बिघडलेली प्रत असलेल्या जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका असतो. बाळाच्या तपासणीत नेमका बिघाड सापडला, तर पुढच्या वेळी साधारण अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन तो तपासता येतो. म्हणून पुढचा विचार करण्याआधी या, आणि दोघंही या. रक्त दोघांचं लागतं.