राखकुयली
आजच्या रोलप्लेइंग गेममध्ये चौघा खेळाडूंनाही मी रचलेल्या एका वेलीने लोळवलं! जग बुडाल्यानंतरचं शहर, पडक्या फ्लायओव्हरला लटकलेली राखकुयली. श्वासाची ऊब लागली की शेंगा तडकतात. कुसळं रुतलेला माणूस झोपेत वेलीकडेच चालू लागतो.

रूप आपल्या खाजकुयलीचं, पण खरा मसाला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जिम्पी-जिम्पी या झुडपाचा. पानभर सिलिकाचे बारीक केस, कातडीत घुसून तुटतात आणि ठणका महिनोन्‌महिने उसळत राहतो. त्यातलं विष कोळी नि शंखगोगलगायींच्या विषासारख्या घडणीचं आहे, हे २०२० मध्ये उघड झालं. यापुढे आपण काय कप्पाळ कल्पना लढवणार?

आमचा योद्धा तलवार उपसून वेल तोडायला धावला. तोडल्यावर कुसळं दुप्पट उडतात, हे मी मुद्दामच सांगितलं नव्हतं.