आमची वाटचाल: 'हा कार्बोरेटर कशाचा?'

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि जीप एवढंच काम यायचं. कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, गाडीवर बसलेला असायचा, त्यामुळे तो कोणता हा प्रश्नच नव्हता. एप्रिल २००० पासून धुराचे नियम कडक झाले, मारुती ८०० वरही कार्बोरेटरच्या जागी पेट्रोलचं इंजेक्शन आलं आणि रोजचं काम आटत गेलं. उरली ती जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची कामं. त्यांचा कार्बोरेटर पिशवीतून येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर कुर्ल्याच्या भंगारात मिळालेला, नंबरची पट्टी गायब, निम्मे स्क्रू गायब. त्यामुळे ओळख पटवणं हे आमच्याकडे वेगळं काम झालं. त्याची मजुरी दुरुस्तीपासून वेगळी असते, कारण ओळख पटली की पुष्कळदा सल्ला निघतो, 'यावर खर्च करू नका.'

पहिली गोष्ट म्हणजे धुऊ नका. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड तर नकोच. जस्ताच्या ओतीव बॉडीवरचे बारीक आकडे ब्रशच्या दोन फटक्यांत जातात. रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने फक्त चिकटा काढायचा, वाळू द्यायचं आणि आकड्यांवर खडूची पूड चोळून बोटाने पुसायचं. खोलगट आकडे पांढरे उठतात. उठावाचे असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची.

मग हवा कुठून शिरते ते पाहायचं. खालून वर जात असेल तर गाडी बहुधा १९२०-३० च्या दशकांतली. फोर्ड मॉडेल ए वरचा झेनिथ कंपनीचा कार्बोरेटर असाच आहे, वरचा आणि खालचा भाग एकाच लांब बोल्टने धरलेला. आडवी शिरत असेल तर आधी एसयू कंपनीचा आठवायचा, वरून खाली असेल तर सोलेक्स, कार्टर, वेबर, झेनिथ अशा कंपन्यांचे बरेच उमेदवार.

त्यानंतर व्हर्नियर. बोअरचं, म्हणजे हवेच्या भोकाचं माप बटरफ्लायपाशी (शाफ्टवर फिरणाऱ्या गोल झडपेपाशी) घ्यायचं, व्हेंच्युरीच्या (मधल्या अरुंद भागाच्या) गळ्याशी नाही. ही चूक सर्रास होते आणि ३२ चा कार्बोरेटर २४ चा ठरतो. एसयूचा सव्वा इंची बोअर ३१.७५ मिलिमीटर भरतो, सोलेक्सचा बत्तीस नंबर ३२.०. पाव मिलिमीटरचा फरक, आणि झिजलेल्या बोअरमध्ये तोही बुडतो. म्हणून माप दोन दिशांनी घ्या, शाफ्टला समांतर आणि शाफ्टला काटकोनात.

एसयू ओळखायला सोपा: वर पितळी टोपीचा घुमट, आत वरखाली होणारा पिस्टन आणि त्याला सुई. झेनिथ-स्ट्रॉमबर्ग सीडी लांबून तसाच दिसतो, पण त्याचं झाकण चार स्क्रूंचं असतं आणि आत रबरी पडदा निघतो. एसयूमध्ये 'एच' आणि 'एचएस' हा फरक महत्त्वाचा. एचएसला फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीच्या) भांड्याच्या तळातून जेटकडे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाकडे) जाणारी नायलॉनची नळी बाहेरून दिसते, एचला भांडं थेट जेटच्या बाजूला बोल्टने आवळलेलं. पुढचा आकडा एक इंचाच्या वरचे अष्टमांश: २ म्हणजे सव्वा इंच, ४ म्हणजे दीड, ६ म्हणजे पावणेदोन. भांड्याच्या झाकणाच्या स्क्रूखाली पट्टी असेल तर जुन्यावर 'एयूसी', नंतरच्यावर 'एयूडी' ने सुरू होणारा नंबर मिळतो.

पट्टी नसेल तर सुई काढा. तिच्या दांड्यावर अक्षरं कोरलेली असतात. ती पुसली असतील तर खांद्यापासून दर अष्टमांश इंचावर मायक्रोमीटर लावून मापांची रांग लिहायची आणि तक्त्याशी ताडायची. घुमट आणि पिस्टन जोडीचे असतात, भंगारात ही जोडी हमखास फुटते. डँपर (पिस्टनची चाल मंदावणारा दांडा) बसवून, पिस्टनची भोकं बुजवून दोन्ही उलटं धरा आणि घुमट सोडा. सव्वा इंचीत तो ३ ते ५ सेकंदांत उतरला पाहिजे. धाडकन पडला तर जोडी चुकली किंवा झिजली.

सोलेक्सवर बोअरचा आकडा आणि अक्षरं बॉडीवरच असतात. अक्षरांतला 'पी' म्हणजे रेस टाकताना पेट्रोल फेकणारा पंप, 'आय' म्हणजे हवा वरून खाली. जुन्या सोलेक्सवर चोकची (थंड इंजिन सुरू करतानाची) झडपच दिसली नाही तर काही हरवलंय असं समजू नका. बाजूला चकतीचा स्टार्टर असतो आणि त्याचा जेट वेगळा. वेबरचा पूर्ण नंबर बहुधा पायाच्या फ्लँजवर (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या सपाट कडेवर) मिळतो. '३२/३६' म्हणजे दोन बोअर वेगवेगळ्या मापांचे, आणि अक्षरांनंतरचा शेवटचा आकडा कोणत्या गाडीसाठी ते सांगतो, म्हणून तो वाचल्याशिवाय जेट मागवायचे नाहीत.

जीपमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीवर कार्टर डब्ल्यूओ होता, पट्टीवर ५३९एस. त्याची मीटरिंगची, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी काडी थ्रॉटलच्या कड्यांनी हलते. नंतरच्या कार्टर वायएफमध्ये त्यासाठी पडदा आहे. पण आपल्याकडच्या कित्येक जीपांवर मधल्या काळात सोलेक्स चढले, तेव्हा 'जीपवरून काढलाय' एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

आमचा विश्वास सगळ्यात आधी खालच्या बॉडीवर, मग झाकणावर, मग पट्टीवर आणि सगळ्यात शेवटी जेटवर. पट्टी स्क्रूखाली असते, झाकण बदलताना दुसऱ्याची येते. जेट तर गावोगावी बदललेले असतात. सोलेक्स आणि वेबरमध्ये १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर, पण कुणी तार घालून भोक मोठं केलं असेल तर आकडा तोच राहतो. आम्ही पिन गेजने (ठरलेल्या जाडीच्या मापाच्या पिनांनी) तपासतो, तार घालत नाही. आटेही बोलतात: मेट्रिक स्क्रूच्या बॉडीत एकच स्क्रू बीएचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) निघाला, तर तिथे कुणीतरी हात घातलाय.

ओळख पटल्यावर दोन दोष पाहून मगच दुरुस्तीचा आकडा सांगतो. शाफ्ट हलवून बघायचा. बाजूने हवा ओढली जात असेल तर स्लो (रेस न देता इंजिन संथ चालणं) कधीच जमणार नाही, बॉडीचं भोक रीम करून (नेमक्या मापाला मोठं करून) गनमेटलचे बुश घालावे लागतात. दुसरा दोष म्हणजे जास्त आवळून वाकलेलं फ्लँज. सरळ मोजपट्टी धरून फीलर (फट मोजायचं पातळ पान) घालायचा, ०.१ मिलिमीटरचं पान सहज शिरलं तर सपाट करणं आलंच. जस्ताला पांढरी भुकटी सुटून चिरा गेल्या असतील तर बॉडी सोडून द्यायची.

आमच्याकडे पाठवताना आतलं पेट्रोल पूर्ण ओतून काढा. फ्लँज वरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि लिव्हरच्या बाजूने एक असे चार फोटो आधी धाडा, सोबत दोन स्टडमधलं मध्य ते मध्य अंतर. एसयू असेल तर पिस्टन बाहेर काढून वेगळा गुंडाळा. आत ठेवला तर वाटेत सुई वाकते, आणि मग तिची मापं घेऊन उपयोग नाही.