ॲटलस, मिठागरं आणि जुलैचा पाऊस

आज गोव्यात रायबंदरच्या कॉजवेवर, म्हणजे पाण्यातून पणजीला जाणाऱ्या बांधरस्त्यावर, असा पाऊस की बाजूची मांडवी नदी दिसेना, तरी ब्रेक दाबल्यावर सायकल जागच्या जागी थांबली, म्हणून हे आजच लिहून ठेवतेय.

मामांची काळी ॲटलस, २८ इंची, रॉड ब्रेकवाली, म्हणजे केबलऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढला जाणारा ब्रेक. स्टीलचा रिम भिजला की ब्रेकचं रबर नुसतं घसरत राहतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर जवळपास ३००० मिमी पाऊस, म्हणजे चार महिने ब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून पहिला खर्च तिथेच केला. रॉड ब्रेक रिमला आतून, स्पोकच्या बाजूने धरतो आणि कॅलिपर, म्हणजे चिमट्यासारखा ब्रेक, कडेने, त्यामुळे ॲल्युमिनियमचे रिम आणि ब्रेक एकदमच घ्यावे लागले. महाग पडलं, पण पैसे तिथेच घालायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

मग पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण, कारण ऑफिस वर. मागे १८ दात्यांचा फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) होता तो काढून २२ चा बसवला, पुढे ४४ तसेच, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाक आधी जवळपास अडीचदा फिरायचं ते आता दोनदा. सपाटीवर वेग थोडा गेला, पण चढणीवर उतरावं लागत नाही.

सगळे म्हणतात गियरवाली घे. पण कॉजवेच्या एका बाजूला मिठागरं, दुसरीकडे खारं पाणी, आणि हा रस्ता १६३४ पासून असाच खाऱ्या वाऱ्यात उभा आहे, तिथे गियरवालीची उघडी चेन किती टिकणार? दुकानातल्या मेस्त्रींनी स्पष्ट सांगितलं, "बाय, काय हवं ते बदला, चेनकव्हर तेवढं काढू नका." ते खरंच, आतली चेन अजून मऊ चालते. पोदेर, म्हणजे आमचे पाववाले, पण बघा ना, पाव घेऊन पावसापाण्यात रोज पहाटे निघतात ते अशाच साध्या सायकलींवर.

वाऱ्याचंही आता कळायला लागलंय. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पणजीला जाताना पाठीवर, आणि संध्याकाळी समुद्रावरून, म्हणजे घरी येताना परत पाठीवर, इतकं सुख! पावसाळ्यात मात्र नैऋत्येचा, सकाळी सरळ तोंडावर.

ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, ते वाचून फार वाईट वाटलेलं. पण काळ्या सायकलींचे पार्ट सगळ्या कंपन्यांचे बरेचसे सारखे, त्यामुळे अजून काही अडलं नाही.

आता क्रँकची (पायडलच्या दांड्याची) कॉटर पिन, म्हणजे तो दांडा घट्ट धरणारी खीळ, ढिली झालीय, डावा पायडल दाबला की कट् वाजतं. पिन लगेच बदलणार, बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस आणि बेअरिंग) मात्र चवथीनंतर पाऊस कमी झाला की उघडायची, आणि तेव्हा सील्ड बेअरिंगवाली बसते का ते मेस्त्रींना विचारायचंय.